मालाला रूळ, बायांना शेअर रिक्षा

माहूलच्या वसाहतीतल्या पहिल्याच बैठकीत एक बाई मला म्हणाली, "ताई, घर दिलं, पण घरातून निघायची वाट नाही दिली." ती विद्याविहारला पाइपलाइनच्या कडेला राहायची. चार घरची धुणीभांडी, सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. २०१७ साली तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या आणि तिला इथे आणले. दोन कामे सुटली. उरलेल्या दोन कामांसाठी आधी शेअर रिक्षा, मग लोकल. पगारातून हे भाडे वजा करून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला, तेव्हा बाया हसल्याच.

आणि इथे रूळ नाहीत असे नाही! कुर्ला ते चेंबूर रेल्वे १९०६ साली टाकली गेली ती मुंबईचा कचरा वाहून नेण्यासाठी. तिच्यावर माणसे बसली १९२४ साली. कचऱ्यानंतर अठरा वर्षांनी माणसांचा नंबर लागला. मग १९२८ साली ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. सहा वर्षांत, १९३४ साली, ती बंद पडली. पुढे पन्नासच्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले. कुर्ला–ट्रॉम्बे मार्ग राहिला, पण मालासाठी. खत आणि इंधन यांना गाडी मिळते. मोलकरणीला मिळत नाही.

हा मार्ग प्रवाशांसाठी पुन्हा खुला करा, माहूलला जवळ पडेल असे एक स्थानक द्या, असे म्हटले की उत्तर ठरलेले असते: ज्वालाग्राही माल जातो, बायाबापड्यांच्या जिवाला धोका आहे. अहो, मग त्याच कारखान्यांच्या कुशीत बहात्तर इमारती उभ्या करून त्यांत कुटुंबे आणून ठेवताना हा धोका कुठे गेला होता? पाच मिनिटे गाडीची वाट पाहणे धोक्याचे, आणि पोरांना घेऊन रात्रंदिवस तिथेच श्वास घेणे धोक्याचे नाही?

मोनोरेल आहे की, असेही ऐकवले जाते. ती २०१४ साली आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद ठेवली गेली. ती पहाटे पाचला कामावर निघणाऱ्या बाईला विचारून आखलेली नव्हती, एवढेच मी म्हणेन.

खरा आक्षेप आमच्याच मैत्रिणींचा आहे आणि तो मला टोचतो. स्थानक मागणे म्हणजे माहूल पत्करणे, असे त्या म्हणतात. इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितले की इथे राहायला नको म्हणणाऱ्यांना महिना १५,००० रुपये घरभाडे द्या. ही लढाई बायांनी रस्त्यावर बसून लढली आहे. ती स्थानकाच्या पाटीखाली गाडली जावी, असे मला मुळीच वाटत नाही. मीही बरेच दिवस गप्प होते.

पण जी अजून तिथेच आहे, तिने आपल्या सुटकेचा निकाल लागेपर्यंत रोज रिक्षावाल्याच्या हातावर पैसे ठेवत राहायचे का? दुसरे घर हा तिचा हक्क आहेच. आजची गाडीही हक्कच आहे. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच पाकिटात द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. सह्या गोळा करतो आहोत. चेंबूर-कुर्ल्याच्या ज्या घरांत या बाया कामाला येतात, तिथल्या वाचक मैत्रिणींच्या सह्याही आम्हांला हव्या आहेत.