रंगमंचाच्या पायऱ्या

बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला, याचा या गावाला सार्थ अभिमान आहे. येथून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच वरोरा लागते. तेथे बाबांनी वसविलेल्या आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदात अंध, अस्थिव्यंग व कुष्ठमुक्त कलावंत गातात, वाजवितात आणि प्रेक्षकांची मनःपूर्वक दाद घेतात. ती दाद खोटी नाही. परंतु त्यांपैकीच एखादा कलावंत उद्या तालुक्याच्या गावी साधा प्रेक्षक म्हणून नाटकाला आला, तर त्याला आत कोण आणि कसे नेणार?

सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत उताराचे प्रमाण एकास बारा सांगितले आहे. म्हणजे तीन फूट उंचीच्या रंगमंचावर चाकाची खुर्ची न्यावयाची, तर ३६ फूट लांबीचा उतार हवा. इमारत उभी राहिल्यावर एवढी जागा सहसा सापडत नाही. ती नकाशातच धरावी लागते. ती धरली जात नाही, म्हणून ऐनवेळी फळी टाकली जाते किंवा चार कार्यकर्ते खुर्चीच उचलतात. उचलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. उचलले जाणाऱ्याला मात्र भरल्या सभागृहात आपले ओझे होताना पाहावे लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तर अशा विद्यार्थ्याचे बक्षीस खाली आणून दिले जाते, आणि टाळ्याही जरा अधिकच पडतात!

वस्तुतः हा दयेचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला. विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला व बंधनकारक निकष करण्यास सांगितले. ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. पायऱ्या मात्र बहुतेक ठिकाणी होत्या तेथेच आहेत.

प्रश्न प्रेक्षागृहापुरताही नाही. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक, असे परंपरा मानते. त्या यक्षाची कथा ‘अपूर्व मेघदूत’ या नाटकात स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांकडून रंगमंचावर आणली. त्यांना तेथे अंधांच्या भूमिका करावयाच्या नव्हत्या. यक्षनगरी उभी करावयाची होती. आपल्या हौशी रंगभूमीवर बहुधा याच्या उलट घडते. आंधळ्याचे सोंग डोळस नट वठवितो, आणि अंध विद्यार्थ्याच्या वाट्याला ईशस्तवन येते. राज्य शासन दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेते, हे स्वागतार्हच. पण त्या स्पर्धेत चमकलेला मुलगा मोठेपणी गावातल्या नाट्यसंस्थेच्या तालमीत दिसणार नसेल, तर ती स्पर्धा म्हणजे निराळी पंगतच ठरावयाची.

नव्या सभागृहाचा आराखडा मंजूर करताना नगर परिषदेने प्रवेशद्वार, प्रसाधनगृह, नेपथ्यगृह आणि रंगमंच या चारही ठिकाणी खुर्ची पोहोचते का, हे चाकाच्या खुर्चीवरील नागरिकालाच बोलावून तपासावे. जुन्या सभागृहात पुढील रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्या काढून जागा करता येते. प्रयोगापूर्वी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन नेपथ्य हाताने पाहू देता येते. कर्णबधिरांसाठी संवाद पडद्यावर दाखविता येतात. संहिता तर नाट्यसंस्थेच्या हातात असतेच.