पालटताना पारखावं

उपनगरातला वाढदिवस आता रिटर्न गिफ्टशिवाय पार पडत नाही. पेन्सिल-बॉक्स झाले, पाण्याच्या बाटल्या झाल्या. हल्ली मुलांच्या पिशवीत हमखास निघतो तो तळहाताएवढा रोबो. हातपाय दुमडले, डोकं आत सारलं की त्याचं अंतराळयान होतं. अंधेरीच्या मॉलमध्ये तो काचेच्या कपाटात असतो, बोरिवली स्टेशनबाहेर फुटपाथवरच्या चादरीवर असतो, घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानाबाहेर दोरीला लटकलेला असतो. पन्नास रुपयांपासून दोन हजारांपर्यंत वाटेल त्या किमतीत मिळतो. आई-बाबा खोक्यावरची दोन चित्रं बघतात, एकात ऐटीत उभा रोबो, दुसऱ्यात झेपावणारं यान, आणि घेऊन टाकतात.

ओळखीतले बरेच जण खरेदीआधी मला विचारतात, कारण ही खेळणी हाताळायची मला मनापासून आवड आहे. त्यांना मी एकच सांगतो: त्या दोन चित्रांवर जाऊ नका. एकाचं दुसरं होताना मधे काय काय घडतं, ते बघा. खेळण्याचा कस तिथे लागतो. नुसता रोबो हवा असेल तर त्याहून देखणे पुतळे मिळतात, नुसतं यान हवं असेल तर त्याहून हुबेहूब मॉडेलं मिळतात. या खेळण्याकडे जे आहे आणि इतरांकडे नाही, ते म्हणजे त्याचं पालटणं.

हे पालटणं जपानमधून आलं. ताकारा या कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ नावाची मालिका सुरू केली. त्यात यानं होती, यंत्रमानव होते, पुढे गाड्या होणारे रोबो आले. त्यांना चालवायला जेमतेम इंचभर उंचीचे, पायांत लोहचुंबक बसवलेले चालकही होते. १९८४मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ताकाराची ही खेळणी घेतली, चालक काढून टाकले, रोबोंनाच नावं आणि स्वभाव दिले, आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ जगभर गेले. १९८५ साली त्यात दोन यानं आली, आणि आजही कुठलंही नवं खेळणं हातात घेतलं की मी ते या दोघांशी ताडून बघतो.

पहिलं कॉसमॉस, एक हिरवी उडती तबकडी. मोजक्याच हालचाली, पण प्रत्येकीला काम आहे. हातपाय बाहेर ओढले की छोटासा गोलमटोल रोबो तयार, आत ढकलले की पुन्हा तबकडी. सुटा भाग उरत नाही, कागदावरच्या सूचना वाचाव्या लागत नाहीत. दुसरा अ‍ॅस्ट्रोट्रेन. तो रोबो आहे, जपानी वाफेचं इंजिन आहे आणि स्पेस शटलही आहे. रुळांवर वाढलेल्या आपल्या मुलांना आगगाडीचं यान होणं आवडलं नाही तरच नवल. मात्र एकाच अंगात तीन रूपं कोंबली की प्रत्येक रूपाला थोडं थोडं सोडून द्यावं लागतं. इंजिनाच्या अंगावर शटलच्या खुणा राहतात आणि शटलमध्ये इंजिन डोकावतं. तरीही तो जमून जातो, याचं बरंचसं श्रेय खऱ्या शटलच्या आकाराला आहे. नासाच्या शटलचं पोट पोकळ होतं. माल ठेवायची ती जागा अठरा मीटर लांब होती. लढाऊ विमानाचा रोबो करायचा तर हातपाय लपवायला जागाच नसते, ते विमानाच्या पोटाखाली लोंबकळत राहतात. शटलच्या पोटात ते खुशाल मावतात. म्हणून शटल २०११मध्ये कायमचं थांबलं तरी खेळण्यांच्या दुकानात ते अजून उडतंय.

हे दुमडणं-उलगडणं म्हणजे मुलांच्या मनोरंजनासाठी रचलेली कल्पना आहे, असं मोठ्यांना वाटतं. खऱ्या अंतराळयानांचं तर त्याच्यावाचून पानही हलत नाही. रॉकेटच्या टोकाशी असलेल्या टोपणात जेवढी जागा, तेवढ्यात यानाला अंग चोरून बसावं लागतं आणि वर गेल्यावर हातपाय पसरावे लागतात. २५ डिसेंबर २०२१ला निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा घडी घालूनच पाठवावा लागला, आणि टेनिस कोर्टाएवढी तिची सूर्यछत्री अवकाशात उलगडली.

आपलं उदाहरण तर याहून जवळचं आहे. २३ ऑगस्ट २०२३ला इस्रोचा विक्रम हा लँडर चंद्रावर उतरला, त्याची उताराची फळी उघडली, सव्वीस किलोचा प्रज्ञान हा रोव्हर तिच्यावरून खाली आला, हे सगळं आपण टीव्हीसमोर बसून पाहिलं. पण मला त्याहून विलक्षण वाटते ती ३ सप्टेंबरची गोष्ट. त्या दिवशी इस्रोने विक्रमला आज्ञा दिली. त्याने उघडलेली फळी मिटली, जमिनीचं तापमान मोजणारं आणि चंद्राचे हादरे टिपणारं अशी बाहेर काढलेली दोन उपकरणं आवरून घेतली, इंजिनं पेटवली, सुमारे चाळीस सेंटिमीटर वर उठला आणि तीस-चाळीस सेंटिमीटर पलीकडे सुखरूप टेकला. मग फळी आणि उपकरणं पुन्हा उघडली. मिटणं, उडणं, उतरणं, उलगडणं. बोरिवलीच्या फुटपाथवरचा रोबो मुलांच्या हातात नेमकं हेच करतो.

आणि एका खेळण्याच्या कंपनीने तर आपला पालटणारा रोबो खरोखरच चंद्रावर नेला. ताकारा आणि टोमी या कंपन्या २००६मध्ये एक झाल्या. त्या ताकारा टोमीने जपानची अंतराळ संस्था जाक्सा, सोनी आणि दोशिशा विद्यापीठ यांच्यासोबत ‘सोरा-क्यू’ घडवला. आठ सेंटिमीटरचा एक चेंडू, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. २० जानेवारी २०२४ला, जपानच्या घड्याळानुसार, स्लिम हे यान चंद्रावर टेकण्याच्या जरा आधी त्याने हा चेंडू बाहेर सोडला. जमिनीवर चेंडू मधून दुभंगला, दोन्ही अर्ध्या वाट्यांची चाकं झाली, आतून कॅमेरा वर आला, मागे तोल सांभाळणारी शेपटी निघाली. स्लिम नाकावर पडलं होतं, इंजिनाचं तोंड आकाशाकडे. तो फोटो जगाने पाहिला, आणि तो काढला होता या चिमुकल्या रोबोने.

त्याच्या रचनेकडे नीट बघा. जी वाटी पडताना कवच होती, तीच चालताना चाक झाली. चाकांचा आस मध्यभागी न ठेवता बाजूला सरकवला आहे. त्यामुळे चाकं फिरताना वरखाली होतात आणि चंद्राच्या भुसभुशीत मातीत रोबो जणू पोहत पुढे सरकतो. एकही भाग शोभेला नाही, एकही भाग एका रूपात कामाचा आणि दुसऱ्या रूपात अडगळ झालेला नाही. जाक्साला छोटं, हलकं, दणकट आणि कमीत कमी भागांचं यंत्र हवं होतं. खेळणी करणाऱ्यांचा तर तो रोजचा धंदा. २०२३मध्ये याच रोबोची त्याच मापाची प्रतिकृती जपानमध्ये २७,५०० येनला विकायला आली. आपल्या खिशाला ती जड आहे. पण चांगलं पालटणं म्हणजे काय, हे ठरवायला यापेक्षा भक्कम माप मला सापडलेलं नाही. प्रत्येक भागाला दोन्ही रूपांत काम हवं.

हेच माप दुकानात लावता येतं. माझ्या टेबलावर आत्ता एक पांढरं-राखाडी शटल आहे, जेमतेम नऊ सेंटिमीटरचं. शेपटीकडचा भाग मागे ओढला की तो दोन पायांत फुटतो आणि इंजिनांची नळकांडी पावलांखाली जातात. पोटाची दारं उघडली की आतून हात येतात. नाक छातीवर उलटतं, त्या जागी डोकं वर येतं. पंख पाठीवर मिटतात आणि त्यांची टोकं टाचेमागे टेकतात, म्हणून रोबो मागे कलंडत नाही. पंखाला उडताना काम, उभं राहतानाही काम. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात मी ते कागदाशिवाय दिलं. ती दोनदा अडली, मग स्वतःच म्हणाली, “काका, पंख आधी फिरवायचे. नाहीतर हात बाहेर येतच नाहीत.” आधी काय, नंतर काय, आणि का, हे तिला खेळण्याने शिकवलं, मी तोंडही उघडलं नव्हतं. शाळेच्या वहीत हाच धडा उतरवायला किती पानं लागतील, कोण जाणे.

याउलट, याच आकाराचं एक यान मला असंही मिळालं, ज्याचं नाक उपटून वेगळं ठेवावं लागतं आणि रोबोच्या हातात ‘ढाल’ म्हणून अडकवावं लागतं. असा सुटा भाग मुंबईच्या घरात आठवडाभर टिकत नाही. सोफ्याखाली गेला की यानही गेलं. शिवाय त्या यानाच्या सांध्यावर पांढरी रेघ उमटली होती. प्लॅस्टिकला ताण असह्य झाला की ते आधी पांढरं पडतं, मग तुटतं. दुकानात ही रेघ शोधा.

सांधा चांगला की वाईट, हे मोल्डिंगच्या गाळ्यात ठरतं. साकीनाका, गोरेगाव, कांदिवली, वसई, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत डाय, म्हणजे साचा, करणाऱ्या कारागिराला विचारा. चांगलं खेळणं एबीएस प्लॅस्टिकच्या कोऱ्या दाण्यातून निघतं. हा दाणा थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतो, आणि डाय करताना तेवढी जागा धरावी लागते. दाण्यात जुना दळलेला माल मिसळला की ते आकसणं बेभरवशाचं होतं. मग एका पिसाचा सांधा घट्ट, दुसऱ्याचा ढिला. साध्या गाडीला चार-पाच भाग पुरतात, पालटणाऱ्या यानाला वीस-पंचवीस लागतात, आणि त्या सगळ्यांनी एकमेकांत मिलिमीटरच्या अंशाने बसायचं असतं. म्हणून स्वस्त नकलेत रंग सांभाळलेला दिसतो, चेहराही दिसतो, पण सांधा फसतो. डायच्या फटीतून निसटलेली प्लॅस्टिकची धारदार कड बोटाला लागली, तर खेळणं तिथेच खाली ठेवावं.

दुकानदार म्हणतात, “साहेब, खोकं फोडलं की माल परत जात नाही.” त्यांचंही बरोबर आहे. पण बहुतेक दुकानांत दाखवायचा एखादा पीस असतो, तो मागावा. घाई न करता दोन-तीन वेळा पालटावा. यान करून पोटाखाली धरून हवेत जोरात फिरवावं. मुलं तेच करणार आहेत. हात सुटून लोंबले, पंख गळले, तर ते यान उडण्याच्या लायकीचं नाही. रोबो करून टेबलावर ठेवावा. आधाराशिवाय उभा राहायला हवा. मागच्या बाजूला स्क्रू आहेत का, तेही बघावं. स्क्रू असेल तर सांधा घरी घट्ट करता येतो, डिंकाने चिकटवलेलं खेळणं एकदा उकललं की कचऱ्यात जातं.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो असं मानक सांगतं. या छोट्या रोबोंचे बहुतेक भाग त्यात सहज मावतील. म्हणून धाकटं भावंड रांगत असेल त्या घरात ते रिटर्न गिफ्ट म्हणून देऊच नयेत. डोळे चमकणाऱ्या रोबोत बटणासारखे सेल असतात. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणं कितीही देखणं असो, ते घरात आणू नये.

आता एक मागणं, खेळणी करणाऱ्यांकडे. आयात खेळण्यांवरचं शुल्क २०२०मध्ये वीसवरून साठ टक्के झालं, २०२३मध्ये सत्तर. आपल्या गाळ्यांसाठी दार उघडं आहे. मग आपली मुलं अजून अमेरिकेच्या निवृत्त शटलशीच का खेळतायत? इस्रोचं पंखांचं पुष्पक यान चिनूक हेलिकॉप्टरखालून सोडल्यावर चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर स्वतःहून उतरलं. २०२३ आणि २०२४मध्ये मिळून तीनदा. विक्रमचे चार पाय, उघडणारी फळी, पोटातून निघणारा प्रज्ञान, हा तर तयार आराखडा आहे. एक रोबो असा करा, जो फळी मिटतो, उपकरणं आवरतो, मुलाच्या हातातून चाळीस सेंटिमीटर उडी मारतो आणि पुन्हा उलगडतो. मुंबई-वसईच्या पट्ट्यात असा डाय कोरणारे हात आहेत, अशा सांध्याचं मोल जाणणारे इंजिनिअर आहेत. आणि पालकांनो, तोवर वीस तकलादू रोबो वाटण्यापेक्षा आपल्या मुलाला एकच घ्या, पण तपासून घ्या. मग ते कपाटात जपून ठेवू नका. सांधे झिजेपर्यंत त्याला पालटू द्या.