तेल पाण्यात 'तुटत' का नाही? नालीत ओतण्याआधी हे वाचा

हिंगोली : सोयाबीन हे हिंगोली जिल्ह्याचे खरिपातील मुख्य पीक. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरसारख्या गावांच्या शिवारात पिकणाऱ्या या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असते. भजी-वडे तळून तेल काळे झाले, की ते अनेकदा थेट नालीत जाते. 'पाण्यासोबत वाहून जाईल' ही समजूत. प्रत्यक्षात तसे होत नाही. का?

तेल म्हणजे नेमके काय?

एका ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडल्या की तेलाचा एक रेणू तयार होतो. या जोडाला 'एस्टर बंध' म्हणतात.

पाणी हा बंध का तोडत नाही?

कारणे दोन. एक, साध्या पाण्याचा रेणू या बंधावर जोरकस हल्ला करू शकत नाही. आम्ल, अल्कली किंवा विकर सोबत नसेल तर ही क्रिया अत्यंत संथ चालते. दुसरे, लांब साखळ्या पाण्यात मिसळत नाहीत. तेल आणि पाण्याची गाठ फक्त तवंगाच्या कडेला पडते. आतले बंध कोरडेच राहतात.

मग तो तुटतो कधी?

कॉस्टिक सोडा घातला की तुटतो, त्यातूनच साबण बनतो. आपल्या आतड्यात पित्तरस तेलाचे बारीक थेंब करतो आणि लायपेज हे विकर बंध तोडते. कढईत १८० अंशांच्या आसपास बटाट्यातील पाण्याची वाफही हेच काम करते. मेदाम्ले सुटी होतात आणि तेल लवकर धुरकटते. हवेतील ऑक्सिजनही तेल बिघडवतो. म्हणूनच 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून देशात मनाई आहे.

नालीत काय घडते?

तळलेल्या तेलातील सुटी मेदाम्ले जड पाण्यातील कॅल्शियमशी जोडली जातात आणि न विरघळणारा चिकट थर धरतो. लंडनमध्ये २०१७ साली गटारात अशा चरबीचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला होता. आपल्या उघड्या नालीत तेवढा गोळा होणार नाही. पण तुंबलेले पाणी आणि डास यांना तेवढ्याची गरजही नसते.

उपाय काय?

घरी भांडे धुण्याआधी कागदाने पुसावे, उरलेले तेल थंड करून बाटलीत साठवावे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'रुको' उपक्रम सुरू केला. त्यात वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलसाठी दिले जाते. तेथे पाण्याऐवजी मिथेनॉल आणि अल्कली वापरून जुना बंध सोडवला जातो. तयार होणारे इंधनही एस्टरच असते.

हॉटेलचालकाला दोष देणे सोपे आहे. पण तेल द्यायला जवळ जागाच नसेल तर ते नालीतच जाणार. आठवडी बाजाराच्या दिवशी एक संकलन पिंप ठेवणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. जो बंध पाणी तोडत नाही, तो नालीत तुटेल या भरवशावर गाव स्वच्छ राहणार नाही.