एक नियम, एकच जागा

बाहेरचा एक नियम बदलला की प्रोग्राममधली एकच जागा बदलावी लागावी आणि ती नव्या माणसालाही लवकर सापडावी, ही सांभाळायला सोप्या कोडची कसोटी. कोड कोणत्या भाषेत लिहिला आहे, दिसायला नीटनेटका आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे. ही कसोटी दोन कारणांनी हुकते. एकच नियम अनेक ठिकाणी लिहिलेला असतो, किंवा एकाच ठिकाणी इतक्या अटी एकमेकींत अडकलेल्या असतात की कोणत्या अटीचा परिणाम कुठे होतो ते उमगत नाही. पहिली पुनरावृत्ती, दुसरी गुंतागुंत. या दोन्ही कमी करण्यासाठी वेळ आणि पैसा राखून ठेवावा, या म्हणण्याला विरोध करणारे बरेच आहेत. त्यांचे आक्षेप निव्वळ आळसातून आलेले नाहीत. काही तर चांगलेच अनुभवाचे आहेत. म्हणून ते एकेक करून तपासले पाहिजेत.

तपासणीसाठी लातूर आणि नांदेड ही चांगली ठिकाणे आहेत. इथे सॉफ्टवेअरचे रोजचे काम मुख्यतः हिशोबाचे आहे: अडत दुकान, डाळ मिल, पतसंस्था, खत-बियाण्यांचे दुकान. टॅलीच्या जोडीला स्थानिक प्रोग्रामरने लिहून दिलेला, पूर्वी फॉक्सप्रोमध्ये किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये सुरू झालेला आणि वर्षानुवर्षे डागडुजी होत आलेला प्रोग्राम, ही अशा व्यवसायांची ओळखीची स्थिती. लिहिणारा एकटा, वापरणारे अनेक, आणि नियम ठरवणारे बाजार समितीपासून दिल्लीपर्यंत पसरलेले.

पहिला आक्षेप सर्वांत जुना: चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? त्यात तथ्य आहे. शेतकऱ्याला मालाचा हिशोब देणारी पट्टी बिघडली तर तो काउंटरसमोर उभा राहतो, आणि शिव्या प्रोग्रामरला बसतात. पण हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे प्रोग्राम तसाच ठेवला तर तो तसाच चालत राहील. हिशोबाच्या प्रोग्रामच्या बाबतीत हे कधीच खरे नसते. मीर लेहमन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या नियमांतला पहिलाच नियम सांगतो, की वापरात असलेला प्रोग्राम सतत बदलावा लागतो, नाहीतर तो दिवसेंदिवस कमी उपयोगाचा होतो. मराठवाड्यातल्या डाळ मिलला हे लेहमन न वाचताही कळले आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या विक्रीवर आयकराचा टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा कर) लागू झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो गेलाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पेच बदलले. यातल्या एकाही तारखेने प्रोग्राम चालतोय की नाही हे विचारले नव्हते.

यातला डाळीचा बदल जवळून पाहण्यासारखा आहे. जीएसटीच्या आरंभी प्रश्न ब्रँडचा होता: नोंदणीकृत ब्रँडची पॅकबंद डाळ असेल तर ५ टक्के, नाहीतर करमुक्त. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडचा प्रश्न मागे पडला आणि पॅकिंगचा पुढे आला. आधीच पॅक करून लेबल लावलेली, २५ किलोपर्यंतची पिशवी असेल तर ५ टक्के. त्यापेक्षा मोठी पिशवी किंवा सुटा माल करमुक्त. शिवाय सरकारी खुलाशात एक बारकावा होता. १० किलोच्या १० पिशव्या एका मोठ्या पॅकमध्ये भरून विकल्या तरी कर लागतो, पण ५० किलोचे एकच पोते असेल तर लागत नाही. म्हणजे वजन बघायचे ते आतल्या पिशवीचे.

आता एखाद्या मिलचा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणावा. कर ठरवणाऱ्या अटी विक्री बिलाच्या स्क्रीनमागे आहेत. मालवापसीच्या स्क्रीनमागे त्याच अटी कॉपी केलेल्या आहेत. महिनाअखेरच्या विवरणपत्राच्या रिपोर्टमध्ये त्या पुन्हा आहेत, थोड्या वेगळ्या शब्दांत. प्रोग्रामरने घाईत बिलाची स्क्रीन दुरुस्त केली. बिल बरोबर निघाले म्हणून सगळे खूश. रिपोर्ट मात्र अजून ब्रँड विचारतो आहे. बिलावर ५ टक्के कर, विवरणपत्रात तीच डाळ करमुक्त. समोरच्या खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या खरेदीवरील कराच्या विवरणात तो कर दिसत नाही, त्याचे क्रेडिट अडकते, फोन सुरू होतात आणि अकाउंटंट एक्सेलमध्ये हाताने आकडे जुळवत बसतो. तीनही ठिकाणांचा कोड आपापल्या परीने चालतोच आहे. बिघाड कोणत्याही एका ठिकाणी नाही. एकच नियम तीन ठिकाणी राहतो, त्यात तो आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ग्राहक बिल निघण्याचे पैसे देतो, कोड स्वच्छ ठेवण्याचे देत नाही. कॉपी-पेस्टने काम दहा मिनिटांत होते, वेगळे फंक्शन काढायला अर्धा दिवस जातो. आज हा हिशोब बरोबर आहे, पण तो अर्धाच मांडलेला आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये घाईने लिहिलेल्या कोडला कर्ज म्हटले, ते याच कारणाने: मुद्दल आज मिळते, व्याज प्रत्येक पुढच्या दुरुस्तीत जाते. आणि हे व्याज निव्वळ वेळेचे नसते.

सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामासाठी ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ज्या प्रोग्राममध्ये ही मर्यादा नुसता १२ हा आकडा म्हणून ठिकठिकाणी पेरलेली असेल, तिथे दुरुस्ती करणारा १२ शोधायला निघतो. त्याला वर्षाचे महिने १२ सापडतात. जीएसटीचा तेव्हाचा १२ टक्क्यांचा टप्पा सापडतो. छापील पट्टीवरची ओळींची संख्याही कदाचित १२ असते. शोधा-आणि-बदला केले तर करही बदलेल; एकेक तपासत बसले तर एखादा १२ हमखास निसटेल. त्या निसटलेल्या आकड्यामुळे ओलावा १४ टक्के असलेला माल केंद्रावरून परत पाठवला जाऊ शकतो, आणि भाड्याचा टेम्पो शेतकऱ्याच्या खर्चाने परत जातो. हा आकडा ‘कमाल ओलावा’ अशा नावाने एकदाच लिहायला अर्धा दिवस लागत नाही. पाच मिनिटे लागतात.

नावांचीही पुनरावृत्ती होते, आणि तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एकाच प्रोग्राममध्ये एका स्क्रीनवर हमाली, दुसऱ्या फाइलमध्ये लेबर, डेटाबेसच्या टेबलात एचएमएल असे तीन शब्द एकाच रकमेसाठी असतील, तर नवा माणूस त्या तीन वेगळ्या रकमा समजतो आणि बेरजेत हमाली दोनदा धरतो. बाजारात ज्याला हमाली म्हणतात, त्याला कोडमध्येही सगळीकडे हमालीच म्हणावे.

इथपर्यंतचे खंडन सोपे होते. तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो, आणि तो अधिक धोक्याचा आहे, कारण तो हुशार लोकांकडून येतो. त्यांचे म्हणणे असे, की पुनरावृत्ती वाईट असेल तर सारख्या दिसणाऱ्या दोन ओळीही शिल्लक राहू नयेत. सगळे एका सर्वसमावेशक फंक्शनमध्ये ओतावे. ही समजूत मुळातच चूक आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मधील ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकात पुनरावृत्ती टाळण्याचे जे तत्त्व मांडले, ते ओळींबद्दल नव्हतेच. प्रत्येक माहितीचे किंवा नियमाचे अधिकृत स्थान एकच असावे, असे ते तत्त्व आहे.

अडत दुकानाच्या पट्टीत हमाली आणि तोलाई या दोन्ही रकमा नगांची संख्या गुणिले दर अशाच निघतात, असे धरू. कोडमध्ये दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. पण हमालीचे दर हमाल, व्यापारी आणि बाजार समिती यांच्या वाटाघाटीतून हलतात, त्यांच्यामागे १९६९ च्या माथाडी कायद्याची चौकट आहे. तोलाईचा दर वेगळ्या कारणाने, वेगळ्या वेळी बदलतो. उद्या इलेक्ट्रॉनिक काट्यामुळे ती नगाऐवजी क्विंटलवर येऊ शकते. या दोन्हींना आज एका ‘खर्च’ नावाच्या फंक्शनमध्ये कोंबले, तर पहिल्याच बदलाला त्यात एक खूण वाढवावी लागेल: हमाली आहे की तोलाई? मग दुसरी खूण: नगावर की क्विंटलवर? तिसरी: शेतकऱ्याकडून की खरेदीदाराकडून? काही वर्षांत ते फंक्शन हो-नाहीच्या सहा-सात खुणा घेऊन चालते आणि त्यांचा अर्थ कोणालाच पाठ नसतो. सँडी मेट्झ यांनी २०१६ मध्ये या चुकीवर नेमके बोट ठेवले: चुकीच्या एकत्रीकरणापेक्षा पुनरावृत्ती बरीच स्वस्त पडते.

म्हणून दोन तुकडे एकत्र करण्याआधी ते सारखे दिसतात का, हे विचारून भागत नाही. ते एकाच कारणाने बदलतील का, हे विचारावे. डाळीचा कर बिलात, वापसीत आणि रिपोर्टमध्ये एकाच कारणाने बदलतो, म्हणून तो एकत्र हवा. हमाली आणि तोलाई वेगळ्या कारणांनी बदलतात, म्हणून त्यांना वेगळे राहू द्यावे. हा निर्णय कोड वाचून होत नाही, त्यासाठी बाजार समजावा लागतो. इथे लातूरच्या मोंढ्याला जवळून ओळखणारा स्थानिक प्रोग्रामर पुण्या-बेंगळुरूच्या प्रोग्रामरपेक्षा खरोखर पुढे आहे.

गुंतागुंतीबद्दलचा आक्षेप असा, की धंदाच गुंतागुंतीचा आहे, तर कोड सोपा कसा होणार? फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये याचे उत्तर दोन भाग पाडून दिले. काही गुंतागुंत विषयाच्या अंगची असते, ती जात नाही. काही लिहिणाऱ्याने वरून आणलेली असते, ती जाऊ शकते. २५ किलोची मर्यादा अंगची आहे. ती तपासण्यासाठी एका अटीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी असे सात थर रचणे हे वरून आणलेले आहे. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये हे मोजण्याची रीत दिली: फंक्शनमधले निर्णय मोजावे, त्यात एक मिळवावा, आणि आकडा साधारण १० च्या पुढे जाऊ देऊ नये. एकापाठोपाठ एक दहा स्वतंत्र हो-नाही निर्णय आले तर मॅकेब यांचा आकडा ११ होतो, पण त्यांतून जाण्याचे मार्ग १,०२४ होतात. ते सगळे हाताने कोणी तपासत नाही.

कराच्या अटींसाठी यावर चांगला उपाय आहे. अटी कोडमधून काढून तक्त्यात न्याव्या. तक्त्यात वस्तू, पॅकिंगचा प्रकार, आतल्या पिशवीची वजनमर्यादा, कोणत्या तारखेपासून लागू आणि दर, एवढे रकाने पुरतात. फंक्शनचे काम उरते ते मूळ विक्रीची तारीख घेऊन योग्य ओळ शोधण्याचे. तारखेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. जून २०२२ मध्ये विकलेली डाळ ऑगस्टमध्ये परत आली तर तिला जूनचाच नियम लागतो, आणि जुना दर पुसून नवा लिहिणारा प्रोग्राम इथेच चुकतो. मात्र मॅकेब यांच्या आकड्यालाच सर्वस्व मानू नये. एका फंक्शनचे वीस तुकडे केले की प्रत्येकाचा आकडा उत्तम दिसतो, पण वाचणाऱ्याला वीस फाइली उघडाव्या लागतात. अशा वेळी गुंतागुंत कमी झालेली नसते, तिने फक्त घर बदललेले असते.

आणखी एक समजूत: जुना, न वापरलेला कोड पडून राहिला तर बिघडते काय? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाल कंपनीच्या एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला, आणि त्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला एक जुना भाग जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४० कोटी डॉलरपेक्षा जास्त फटका बसला. म्हणून उठून गेलेल्या टीसीएसचा कोड, त्याचा जुना हिशोब पाहण्याची सोय वेगळी ठेवून, काढून टाकणे हेच शहाणपणाचे.

हे सगळे शिकवले का जात नाही, याचे कारण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेडला सुरू झाले. नांदेडचे श्री गुरू गोविंद सिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. या भागात संगणक शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण विद्यार्थ्याचा प्रकल्प, इथे काय किंवा राज्यात इतरत्र काय, तोंडी परीक्षेच्या दिवशी संपतो. त्याला दुसरे वर्ष नसते, म्हणून त्याच्या पुनरावृत्तीचे व्याजही कोणाला भरावे लागत नाही. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प यंदाच्या विद्यार्थ्याला देऊन त्यातला एक नियम बदलायला लावला, आणि त्यासाठी किती ठिकाणी हात लावावा लागला यावर गुण दिले, तर एका सत्रात जे कळेल ते व्याख्यानांतून कळणार नाही.

ज्याच्या पदरी आज जुना प्रोग्राम आहे, त्याने तो मोडून नव्याने लिहायला घेऊ नये. आधी जुन्या, खऱ्या पट्ट्या आणि बिले गोळा करावी: सुटा माल, २५ किलोची पिशवी, २६ किलोची पिशवी, मालवापसी, अर्धवट क्विंटल. त्यांचे आकडे प्रोग्रामने आजही पैशापर्यंत तेच काढावे, अशी चाचणी बसवावी. जुन्या बिलात चूक सापडली तर ती वेगळी नोंदवून मालकाला दाखवावी, दुरुस्तीच्या ओघात गुपचूप बदलू नये. मग जो नियम बदलण्याची वेळ आली असेल तेवढाच उचलावा, त्याच्या सगळ्या प्रती शोधून त्या एका जागी आणाव्या, चाचणी पुन्हा चालवावी आणि त्यानंतरच नवा दर घालावा. एकत्र आणणे आणि दर बदलणे ही दोन कामे एकाच दिवशी केली तरी एकाच दमात करू नयेत. तसे केले आणि आकडा चुकला, तर कशामुळे चुकला ते सांगता येत नाही. ज्या भागाला कित्येक वर्षांत कोणताही नियम शिवलेला नाही, तो कुरूप असला तरी राहू द्यावा. आणि जो प्रोग्राम पुढच्या मार्चला बंद होणार आहे, त्याच्या स्वच्छतेवर मालकाचा एक रुपयाही खर्च करू नये.