पोळी घालताना ‘आमचा’, कोंबडी मेली की ‘मोकाट’!

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच. शिव्या द्यायच्या असतील तर नंतर द्या, कमेंट बंद केलेल्या नाहीत.

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींच्या अंगणात ११ पैकी ९ कोंबड्या मेल्या. मी पोचलो तेव्हा पिसं पार रस्त्यापर्यंत उडालेली. एक नळाजवळ, दोन तुळशीमागे, बाकीच्या कुंपणाच्या कडेनं पडलेल्या. खाल्लेली एकही नाही. मावशी मधोमध उभ्या, हातात दाण्याचं भगुणं, आणि एकच सांगत होत्या, “आत्ताच तं सोडल्या होत्या बाबू. दाणे आणाले आत गेली, तेवढ्यात झालं.”

आता कोणी म्हणेल, कुत्र्यानंच मारल्या कशावरून? प्रश्न बरोबर आहे, माझ्याही घरी सात कोंबड्या आहेत म्हणून सांगतो. मुंगूस आलं तर एखादीची मान धरतं, अंडी फोडतं, पिल्लू ओढून नेतं. मांजर आणि घार, दोघांचाही डोळा पिल्लांवर. मोठ्या नऊ कोंबड्या पाच मिनिटांत मारायच्या आणि न खाता तिथंच टाकून जायचं, ही खूण कुत्र्याची. समोर काही फडफडलं, पळालं, की त्याचा भुकेशी संबंधच राहत नाही. एक थंड झाली की दुसरीच्या मागे. दोन्ही वेळ दूधपोळी खाणारा कुत्राही हेच करतो. त्यामुळे “आमचा तर घरी चिकन खाते, त्याला काय गरज” हे माझ्यासमोर बोलू नका. शिवाय समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात साहेब येताना-जाताना दोन्ही वेळा दिसलेत. गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला घुंगरू.

ते घुंगरू आख्ख्या ले-आऊटला माहीत आहे. आम्ही चौघं जण त्या घरी गेलो. घरमालक गेटवरच बोलले, “तो आमचा नाही जी. येत-जात राहते इकडे. आम्ही पोळी टाकतो फक्त.”

पोळी टाकतो फक्त! अहो, याच कुत्र्याचा वाढदिवस झाला ना जानेवारीत? केक कापला, टोपी घातली, स्टेटस ठेवलं, आम्ही सगळ्यांनी त्याला हार्ट दिले. मीसुद्धा दिला, खोटं कशाला बोलू. तेव्हा तो घरातला मेंबर होता. मंगळवारी सकाळी साडेसातला तो एकदम मोकाट झाला. नंतर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवल्यावर पाचशेची नोट काढली. नऊ कोंबड्यांचे पाचशे. मावशींनी ती हातात घेतली नाही.

माझं सगळं भांडण या अर्ध्या मालकीशी आहे. कुत्र्याशी नाही. कुत्र्याला कोंबडी दिसली, तो धावला, त्याच्यात पाप-पुण्य काही नाही. भांडण आहे ते पहाटे गेट उघडून “जा बेटा, फिरून ये” म्हणणाऱ्याशी. स्वतःच्या टाइल्स घाण होऊ नयेत म्हणून कुत्र्याला गल्ली, आणि गल्लीत काही झालं की कुत्रा गल्लीचा. गेल्या दोन वर्षांत आमच्या भागात अशी अर्धी पाळलेली कुत्री किती वाढली ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारा. पट्टा आहे, मालक नाही. लस दिली का, नसबंदी झाली का, कोणालाच माहीत नाही.

कायद्यात मात्र असा अर्धा कुत्रा कुठंच नाही. केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम दोनच जाती मानतात. एक पाळीव, ज्याच्या लसीची, नसबंदीची आणि परवान्याची जबाबदारी मालकाची. दुसरा रस्त्यावरचा, ज्याच्या नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची. मधलं काही नाही. आणि हा विषय नागपूरकरांना नवा थोडीच आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचंय ना, मग आधी दत्तक घ्या, घरी न्या, महापालिकेत नोंद करा. उघड्यावर घालाल तर २०० रुपयांपर्यंत दंड. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या सक्तीला स्थगिती दिली, आणि खरं सांगायचं तर ती बरोबरच होती. भुकेल्या जिवाला भाकर टाकणं हा गुन्हा होऊ शकत नाही. पण त्याच सुप्रीम कोर्टाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश बघा. प्राणीप्रेमी रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ शकतात, पण एकदा घेतला की तो परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. टोपी घालून केक कापणाऱ्यांनी हे वाक्य गेटवर आतल्या बाजूनं चिकटवून ठेवावं.

काही जण म्हणतात, तक्रार करा, उचलून नेतील. काय उचलून नेतील? रस्त्यावरचा असेल तर नसबंदी करून, लस देऊन नियमाप्रमाणे पुन्हा त्याच जागी सोडतात. नसबंदीनं पिल्लं थांबतात, कोंबडीमागे धावणं नाही. आणि पाळीव असेल तर मुळात हा विषय त्या गाडीचा नाही, मालकाचा आहे.

मग पोलिसात जा म्हणतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या प्राण्याबाबत हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते वाचून बघा, धोका माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापतीचा असला पाहिजे. कोंबडीचा तिथं उल्लेख नाही. नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, पण सहाशेच्या कोंबडीसाठी कोण मावशी वकील करणार आहे? गंमत बघा, इंग्रजांनी १८७१ मध्ये गुरांच्या घुसखोरीचा कायदा केला. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली बकरी कोंडवाड्यात, मालकानं दंड भरून सोडवायची. त्या यादीत गाय, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, अगदी हत्ती-उंटसुद्धा आहेत. कुत्रा नाही. माझी बकरी तुमची पालक खाईल तर ती कोंडवाड्यात, तुमचा कुत्रा माझ्या नऊ कोंबड्या मारेल तर तो “फिरून आला”.

पुढचा डायलॉग मला सगळ्यात जास्त झोंबतो. “शहरात कोंबड्या पाळायच्याच कशाला?” हे बोलणारे पाच-सात वर्षांपूर्वी प्लॉट घेऊन आले. हुडकेश्वर काय, बेसा काय, पिपळा काय, ही गावं होती. मावशींचं घर, त्यांचं अंगण, त्यातल्या कोंबड्या आधीच्या आहेत. शहर त्यांच्या दारात आलं, त्या शहरात गेल्या नाहीत. तुम्हाला रविवारी सावजीत गावरानी कोंबडी लागते, पोराच्या सर्दीला गावरानी अंडं लागतं, १५ रुपयाला एक घेता त्यांच्याच कडून, आणि कोंबड्या नकोत?

कोंबडी म्हणजे काय ते जरा पैशात सांगतो, कारण पाचशेची नोट काढणाऱ्याला दुसरी भाषा कळत नाही. अंड्यावर आलेली कोंबडी ही मांसाच्या भावानं मोजायची वस्तू नाही. पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं पडेपर्यंत पाच-सहा महिने जातात. कणी, तांदूळ, लस, रात्रीची राखण. मग ती अंडी देते, खुडूक बसली तर पिल्लं काढते, त्यातून पुढच्या वर्षीच्या कोंबड्या. मावशींच्या नातवाच्या शाळेच्या ऑटोचे पैसे या अंड्यांतून जात होते. परसातल्या कुक्कुटपालनाच्या सरकारी योजना बायकांच्या नावानं निघतात त्या उगाच नाही. घरात जिच्या हातात दुसरा पैसा येत नाही तिच्या हातात हा येतो.

“बंद करून ठेवा ना मग” असंही सांगून झालं. रात्री बंदच असतात साहेब. खुराड्याला आपण हार्डवेअरच्या दुकानातून आणतो ती मुर्गा जाळी कोंबडीला आत ठेवायला असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. मोठा कुत्रा ती दातानं फाडतो, नाहीतर खालून उकरतो. वेल्डमेश लावायची, तिचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूनं जमिनीवर पसरून वर दगड-माती टाकायची, मग उकरता येत नाही. हे मी माझ्या घरी केलं, सात हजार लागले. मावशींनी कुठून आणायचे? आणि दिवसाचं काय? हे नागपूर आहे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात टिनाच्या खुराड्यात कोंबड्या कोंडल्या तर कुत्र्याची गरजच नाही, दुपारपर्यंत आपोआप मरतील. त्यांना झाडाखालची सावली, ओला बारदाना, उकरायला माती लागते. कोंबडीनं चोवीस तास कैदेत राहायचं आणि कुत्र्यानं मोकळं फिरायचं, हा न्याय कोणी ठरवला?

आता आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. बुधवारी एक जण माझ्याकडे आला. “भाऊ, पोळीत औषध टाकू. एका रात्रीत साफ.” त्याला मी हाकलून दिलं आणि इथं नाव न घेता परत सांगतो. कलम ३२५, प्राण्याला मारणं, विष देणं, पाच वर्षांपर्यंत कैद. पण ते सोडा. विष टाकलेली पोळी कोणाच्या तोंडात जाईल ते तू ठरवतो का बे? मांजर खाईल, कावळा खाईल, रांगतं पोरगं खाईल. आणि ज्यानं कोंबडी मारली तो मात्र घरात एसीत झोपलेला असेल. काठी, दगड, गरम पाणी, हेही नको. असं कोणी करताना दिसलं तर तक्रार करायला मीच पहिला जाईन. आपल्या पोल्ट्रीवाल्यांच्याही चुका आहेत. मेलेली पिल्लं, कोंबडीची आतडी उघड्या नाल्यात फेकतो आपण, मग त्या वासावर दहा कुत्री येतात. ती पुरा. सूर्य मावळायच्या आत कोंबड्या मोजून आत घ्या. सकाळी सोडल्या तर पहिला अर्धा तास तिथंच थांबा, कारण गेटं उघडतात ती त्याच वेळेला.

आणि कुत्रेवाल्यांनो, तुमच्याकडून मागणं फार नाही. गेट बंद ठेवा. फिरवायचं तर पट्टा हातात धरून, गळ्यात लटकवून नाही. महापालिकेत नोंद, लस, तिचं कार्ड. कुत्र्यानं नुकसान केलं तर मावशीच्या दारी स्वतः जा, कोणी बोलवायची वाट न बघता, आणि अंड्यावरच्या कोंबडीचा बाजारभाव द्या. हे जमत नसेल तर तो आमचा नाही असं गेटवर नका सांगू, लेखी द्या. म्हणजे रस्त्यावरचा म्हणून त्याची नसबंदी आणि लस तरी होईल. नाहीतर पुढच्या मारबतीला तुमच्या नावाचा बडग्या काढायला आमची पोट्टी तयारच आहेत, घुंगरासकट.

रविवारी सकाळी १० वाजता हनुमान मंदिरासमोर बसू. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. मावशींसाठी सहा तलंगांचे आणि वेल्डमेशचे पैसे जमा करतोय, आतापर्यंत ३,२०० झालेत. लाल पट्टेवाल्यांनाही निरोप दिलाय. उरलेल्या दोन कोंबड्या सध्या माझ्याकडे आहेत. मंगळवारपासून एकीनंही अंडं दिलेलं नाही.