आज्ञावली लिहिणारे यंत्र आणि ती जाणणारा मनुष्य

संगणकाच्या आज्ञावलीचा विचार भारतीय साहित्यांच्या नियतकालिकात का करावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आज्ञावली हा तंत्रज्ञांचा विषय. तिचे गुणदोष त्यांनीच ठरवावेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आज्ञावली ही प्रथमतः एक लिखित संहिता आहे. ती कोणी तरी लिहितो, कोणी तरी वाचतो. तिच्यात कालांतराने दुरुस्त्या होतात, प्रक्षेप शिरतात. आणि मूळ कर्ता दूर गेल्यावर तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी इतरांवर येऊन पडते. संहिता, कर्ता आणि वाचक यांच्या परस्परसंबंधांचा विचार हा तर आपल्या अभ्यासाचा गाभाच होय. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आज्ञावली लिहवून घेण्याचा जो प्रघात आज जगभर रूढ होत आहे, त्यासंबंधी साहित्याच्या अभ्यासकाने काही म्हणणे हा अनधिकार ठरू नये.

हा प्रघात फार जुना नाही. २०२१ च्या जून महिन्यात गिटहब या कंपनीने ‘कोपायलट’ नावाचे साधन मर्यादित स्वरूपात उपलब्ध करून दिले. पुढील वर्षी ते सर्वांना खुले झाले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आरंभी ही यंत्रे लिहिणाऱ्याची अर्धी राहिलेली ओळ पुरी करून देत. आता ती साध्या भाषेतील चार वाक्यांवरून संपूर्ण आज्ञावली सिद्ध करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेय कारपाथी यांनी या रीतीला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले. यंत्राला हेतू सांगावा, त्याने लिहिलेले न वाचताच स्वीकारावे आणि काही बिघडलेच तर ते दुरुस्त करण्यासही यंत्रालाच सांगावे, असे तिचे स्वरूप आहे. स्वतः कारपाथी यांनी ही रीत फावल्या वेळच्या, पुढे टाकून देण्याजोग्या कामांपुरती बरी म्हटली होती. नाव मात्र त्या मर्यादेत राहिले नाही.

या रीतीने सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेवर कोणता परिणाम होतो, हे पाहण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक असे ८९ प्रसंग कल्पून कोपायलटकडून १,६८९ आज्ञावली लिहवून घेतल्या. त्यांपैकी सुमारे ४० टक्के सदोष निघाल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२२ मध्ये झालेल्या पाहणीचा निष्कर्ष अधिक बोलका आहे. ज्यांना यंत्राचे साहाय्य होते त्यांनी तुलनेने कमी सुरक्षित आज्ञावली लिहिल्या. आणि तरीही आपली आज्ञावली सुरक्षित आहे असा विश्वास त्यांच्यातच अधिक आढळला. जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी आज्ञावलीकारांनी स्वतः सांभाळत असलेल्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. यंत्र वापरण्याची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला; काम करणाऱ्यांना मात्र, ते संपल्यानंतरही, आपले काम २० टक्के लवकर झाले असे वाटत होते. ही साधने झपाट्याने सुधारत आहेत आणि हे आकडे उद्या बदलतील, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेवटच्या दोन प्रयोगांत जे समान आहे त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते: काम आणि कामासंबंधीची स्वतःची जाण, यांच्यात अंतर पडले आहे. चुका कमी झाल्या म्हणून हे अंतर आपोआप मिटेल, असे समजण्यास आधार नाही.

कारण, माझ्या मते, प्रश्न मुळात चुकांचा नाहीच. आज्ञावलीची गुणवत्ता कोठे वसते, हा खरा प्रश्न आहे. पेटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात याचे उत्तर दिले आहे. त्याच्या प्रतिपादनाचा आशय असा, की आज्ञावलीकाराची खरी निर्मिती म्हणजे कागदावरील मजकूर नव्हे; त्या मजकुराचा व्यवहारातील जगाशी संबंध काय, तो असाच का रचला आणि उद्या गरज बदलली तर तो कोठे व कसा बदलावा, यांविषयी त्याच्या मनात तयार झालेली जाण ही खरी निर्मिती होय. नाउरने एक दाखला दिला आहे. एका गटाने तयार केलेला भाषांतरक, म्हणजे उच्च पातळीवरील भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, विस्तारासाठी दुसऱ्या गटाकडे गेला. दुसऱ्या गटापाशी संपूर्ण मजकूर होता, सविस्तर टिपणे होती, मूळ कर्त्यांचा सल्लाही मिळत होता. तरी त्यांनी सुचविलेले बदल असे होते, की त्यांनी मूळ रचनेचे सामर्थ्य आणि साधेपणा दोन्ही नष्ट झाले असते. मूळ कर्त्यांना मात्र हे तत्काळ दिसले आणि त्याच रचनेत बसणारे सोपे उपायही सुचले. पुढे मूळ गटाचा संबंध सुटला, तेव्हा वेड्यावाकड्या भरींखाली ती रचना निष्प्रभ होऊन पडली. जाण बाळगणारी माणसे पांगली की आज्ञावली चालू असूनही मृत होते, असे नाउरचे म्हणणे आहे.

भारतीय अभ्यासकाला हे अनोळखी वाटू नये. नाउरचे नाव ज्या ‘बॅकस-नाउर’ लेखनपद्धतीशी जोडलेले आहे, तिला ‘पाणिनि-बॅकस’ पद्धती म्हणावे अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती. नियमांच्या संक्षिप्त मांडणीतून भाषेची अनंत रूपे सिद्ध करणे, हे त्यांतील साम्य. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. अष्टाध्यायीची सुमारे चार हजार सूत्रे केवळ पाठ राहिली म्हणून व्याकरणशास्त्र जिवंत राहिले नाही. कात्यायनाने वार्त्तिकांत सूत्रांना प्रश्न विचारले. पतंजलीने एकेका सूत्राचे प्रयोजन काय, ते नसते तर कोणते अनिष्ट रूप सिद्ध झाले असते, याची चर्चा केली. आणि ही परंपरा खंडित झाली तेव्हा काय घडले, हे भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडाच्या अखेरीस नमूद केले आहे. पतंजलीच्या शिष्यांकडून व्याकरणाचा आगम सुटला आणि काही काळ तो दक्षिणेत केवळ ग्रंथरूपाने उरला. पुढे चंद्राचार्य आदींनी तो पुन्हा प्रवर्तित केला. ग्रंथ शाबूत होता, अक्षर हरवले नव्हते. तरीही शास्त्र भ्रष्ट झाले असेच भर्तृहरी म्हणतो. नाउरने वर्णिलेली आज्ञावलीची मृत्यूची अवस्था हीच.

यंत्राकरवी लिहिलेल्या आज्ञावलीचे वैशिष्ट्य असे, की ती जन्मतःच या अवस्थेत असू शकते. पूर्वी जाण आधी निर्माण होई आणि काळाच्या ओघात हरवे. आता मजकूर आधी येतो आणि त्यामागे जाण असलेला मनुष्य कोणीच नसतो. ती चालते, चाचण्यांना उतरते, दिसायलाही नीटनेटकी असते. परंतु अमुक मर्यादा का घातली, तमुक अपवाद कोणासाठी केला, हे विचारण्यास कोणी नाही. सॉफ्टवेअर हे एकदा लिहून संपत नाही. बँकेची, रेल्वे आरक्षणाची वा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची आज्ञावली वर्षानुवर्षे बदलत राहते, आणि तिच्या आयुष्यातील बहुतेक श्रम लेखनाचे नसून वाचनाचे असतात. लेखन स्वस्त झाले आणि वाचन होते तितकेच महाग राहिले, तर न वाचलेल्या मजकुराचा ढीग साचणारच. जेंटू या मुक्त प्रणालीच्या मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये यंत्रनिर्मित योगदान स्वीकारण्यास बंदी केली, तेव्हा स्वामित्वहक्क व नैतिक आक्षेप यांच्याबरोबर गुणवत्तेचेही कारण दिले होते. पाठवणाऱ्याला जे क्षणात मिळते, ते पारखण्यास स्वीकारणाऱ्याला तास लागतात. हा व्यवहार फार काळ चालू शकत नाही.

याच्याशीच कौशल्याचा प्रश्न निगडित आहे. भारतापुरता विचार केला तर तो अधिक गंभीर ठरतो. गेल्या शतकाच्या अखेरीस वर्षाचे दोनच अंक नोंदविण्याच्या जुन्या पद्धतीमुळे २००० साली संगणक गोंधळतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा परदेशी कंपन्यांच्या कोबोल भाषेतील जुन्या आज्ञावली तपासण्याचे प्रचंड काम भारतीय अभियंत्यांकडे आले. त्या कामाला कंटाळवाणे, दुय्यम म्हणून नावे ठेवली गेली. परंतु ते काम परक्याने दशकांपूर्वी लिहिलेला मजकूर ओळीओळीने वाचण्याचे होते. त्यातून नवशिके घडले. किंबहुना लहानसहान दोष शोधणे, किरकोळ दुरुस्त्या करणे, वरिष्ठाने ‘हे असे का?’ म्हणून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे, हीच या व्यवसायातील उमेदवारी होती. आज यंत्राकडे प्रथम सोपवली जातात ती नेमकी हीच कामे. वरिष्ठाची उत्पादकता त्यामुळे वाढेलही. पण वरिष्ठ होण्याची पायरीच काढून घेतली, तर पुढचा वरिष्ठ कोठून यावा?

लिसान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्येच, कारखान्यांतील स्वयंचलनासंदर्भात, हा विरोधाभास दाखवून दिला होता. सोपी कामे यंत्राकडे जातात आणि यंत्राला न साधणारी कठीण कामे माणसाकडे उरतात. पण ती पार पाडण्याचे कौशल्य ज्या रोजच्या सरावातून येते, तो सराव तर संपलेला असतो. स्वयंचलित यंत्रांवर देखरेख करणारी पहिली पिढी हाताने काम करून शिकलेली असते. त्या पुंजीवर काही काळ निभावते. पुढच्या पिढीपाशी ती पुंजी नसेल, हा तिचा इशारा आहे. आज यंत्राचे लिखाण एका दृष्टिक्षेपात पारखणारे जे तज्ज्ञ आहेत, ते सगळे यंत्रापूर्वीच्या काळात घडले, हे विसरून चालणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की १९५७ मध्ये फोरट्रॅन आली तेव्हाही जुन्या मंडळींनी अशीच नाके मुरडली होती. भाषांतरकाने तयार केलेली यंत्रभाषा आज कोण वाचतो? हे खरे आहे; पण साम्य वरवरचे आहे. भाषांतरक ठरलेल्या नियमांनी चालतो, आणि मुख्य म्हणजे माणसाने लिहिलेली मूळ संहिता तेथे जतन होते. बदल करावयाचा तो तिच्यातच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत माणसाचा हेतू एका संभाषणात व्यक्त होतो. ते संभाषण बहुधा जपले जात नाही. जपले तरी त्यावरून पुन्हा तीच आज्ञावली मिळेल याची खात्री नाही. जतन होतो तो यंत्राचा मजकूर. म्हणजे मूळ ग्रंथ टाकून द्यावा आणि अनुवाद तेवढा सांभाळावा, असा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. यंत्र लिहिते तसे ते समजावूनही सांगते. मग भाष्यकाराची उणीव कोठे राहिली? ही सोय मोठी आहे यात शंका नाही. स्टॅनफर्डच्या पाहणीतही ज्यांनी यंत्रावर कमी विसंबून आपले प्रश्न पुनःपुन्हा घडवले, त्यांच्या आज्ञावलींत दोष कमी आढळले. विद्यार्थ्याने यंत्राशी वाद घातला, त्याचे उत्तर ताडून पाहिले आणि शेवटी स्वतः लिहिले, तर त्याला चांगला सहाध्यायी मिळाला असेच म्हणावे लागेल. परंतु टीका पुढ्यात असणे म्हणजे ग्रंथ समजणे नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांना आपण रोज सांगत असतो. टीका बरोबर की चूक हे ठरविण्यासाठीही वाचकापाशी स्वतंत्र जाण लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो समोर प्रती होत्या एवढ्यामुळे नव्हे. कोणता पाठ ज्ञानदेवांचा आणि कोणता मागाहून घुसलेला, हे ओळखण्याइतका तो ग्रंथ त्यांच्या ठायी मुरला होता म्हणून.

तेव्हा यंत्रावर बहिष्कार घालावा असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. तसा बहिष्कार शक्य नाही आणि इष्टही नाही. सुचवावयाचे आहे ते एवढेच, की ज्या आज्ञावलीवर लोकांचे पैसे, आरोग्य वा शिक्षण अवलंबून आहे, तिच्या प्रत्येक भागाचे उत्तरदायित्व घेऊ शकेल असा जाणकार मनुष्य असलाच पाहिजे. आणि तो नसेल तर ती आज्ञावली, कितीही चाचण्यांना उतरली तरी, अपुरी समजावी. शिक्षणाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की परीक्षेत ‘लिहा’ या प्रश्नाचे वजन कमी करून ‘वाचा, स्पष्ट करा, दोष दाखवा, आणि अमुक गरज बदलल्यास कोठे बदल कराल ते सकारण सांगा’ या प्रश्नाचे वाढवावे. ही परीक्षा तोंडी असावी. आणि उद्योगांनी नवशिक्यांची किरकोळ कामे केवळ खर्च म्हणून न मोजता त्यांत घडणारे शिक्षणही जमेस धरावे.

या कामी साहित्य विभागांनाही काही देता येण्यासारखे आहे. पाठचिकित्सा, टीकापरंपरा, परक्याच्या मजकुरात संयमाने शिरण्याची शिस्त, ही आपली विद्या आहे; अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती शिकविण्याचा प्रयोग एखाद्या विद्यापीठाने अवश्य करावा. मात्र त्याआधी आपण आपले घर तपासणे बरे. यंत्राने केलेले अनुवाद आणि यंत्राने काढलेले ग्रंथसारांश आपल्याही वर्गांत येऊन पोहोचले आहेत. मूळ कादंबरी न वाचता तिच्यावर नेटका निबंध सादर होऊ लागला आहे. आज्ञावलीकारांना जो प्रश्न आज भेडसावतो आहे, तो आपल्याला निराळा नाही. त्याचे उत्तर त्यांच्याआधी आपल्याला सुचावयास हवे होते. निदान त्यांच्याबरोबर तरी आपण ते शोधू लागावे.