द्वादशीची वाघाटी

मैत्रिणींनो, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ घरांतून पारण्याला वाघाटीची भाजी लागतेच. मंडईत मूठभर फळांसाठी आपण घासाघीस करतो. पण ही वेल कधी पाहिलीत का? मंचरजवळच्या अवसरी खुर्दकडे गेलात, तर बांधावरची जुनी कुंपणं आणि ओढ्याकाठची झुडपं न्याहाळा. बारा महिने हिरवी, अन् काटे वाघनखासारखे वाकडे. म्हणून तर हे नाव! उन्हाळ्याच्या तोंडी पांढरी फुलं येतात, ती पुढं गुलाबी होतात.

भाजीसाठी कोवळी हिरवी फळं चिरून कडू बिया काढाव्यात. मिठाच्या पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावं. मग हिंग-मोहरीची फोडणी, दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा.

पण बांधावर तारेचं कुंपण आलं, की पहिला कोयता हिच्यावर. काटे टोचतात ना! गावी शेत असेल तर घरच्यांना सांगा, कोपऱ्यातली एक वेल राहू द्या. पिकलेलं लाल फळ मिळालं तर बी तिथंच पेरा. नाहीतर उद्या सुनेला वाघाटीचं नुसतं नावच सांगावं लागेल, बरं का!